‘उलटी लहर कान फोडते’ म्हणणाऱ्या मेसेजची उलटतपासणी

‘नॉइज कॅन्सलिंग हेडफोन : कानांचा छुपा वैरी’ अशा मथळ्याचा लांबलचक मेसेज सध्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या गावांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो वाचून माझ्या मामींनी, लेकाने मुंबई-कुडाळ प्रवासासाठी घेऊन दिलेले, बाहेरचा गोंगाट उलट्या ध्वनिलहरीने खोडणारे असेच चांगले हेडफोन खोक्यात परत भरले आणि जुने वायरचे इअरफोन बाहेर काढले. म्हणून हे उत्तर लिहावं लागतंय.

मेसेजात सहा दावे आहेत. उलट्या लहरीमुळे कानाच्या पडद्यावर दुप्पट मारा होतो आणि हळूहळू बहिरेपणा येतो. त्यापेक्षा साधे इअरफोन फुल आवाजात लावलेले बरे. ब्लूटूथच्या किरणांनी मेंदू भाजतो. तरीही घ्यायचेच असतील तर खोक्यावर डेसिबलचा (म्हणजे किती आवाज घटतो त्याचा) सर्वांत मोठा आकडा असेल ते घ्या. ते दुचाकीवर हेल्मेटच्या आत लावले की हॉर्नचा त्रास होत नाही. आणि पावसाळ्यात त्यांनी कानात बुरशी होते. यातला शेवटचा अर्धा खरा आहे. दुसरा आणि पाचवा माणसाचं कायमचं नुकसान करणारे आहेत.

आधी ती उलटी लहर. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. हेडफोनचा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतली चिप तेवढ्याच ताकदीचा, पण उलटा चढउतार तयार करते. बाहेरच्या आवाजाने दाब जिथे वाढणार तिथे हेडफोनचा स्पीकर तो तेवढाच उतरवतो. दोन्ही लहरी कानाच्या पडद्याजवळ पोचेपर्यंत एकत्र झालेल्या असतात. पडद्याला ‘ही बाहेरची, ही चिपची’ असं वेगळं काही कळत नाही, त्याला फक्त बेरीज जाणवते. अधिक पाच आणि उणे पाच यांची बेरीज शून्य होते. मेसेज लिहिणाऱ्याने ती दहा केली आहे. चिपची ताकदीत दहा टक्के चूक झाली तरी मूळ दाबाचा दहावा हिस्साच उरतो, म्हणजे २० डेसिबलची घट. ही कल्पना काल-परवाची नाही. जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं आणि बोस कंपनीने वैमानिकांसाठीचा असा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आणला, म्हणजे इंजिनाच्या गोंगाटात तासन्‌तास बसणाऱ्यांसाठी.

या दाव्यात नखभर तथ्य कुठे आहे तेही सांगतो. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आवाजाची एक लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, ५,००० हर्ट्झची जेमतेम ७ सेंटिमीटर. लांब लहरीला उलट लहर जुळवणं सोपं. आखूड लहरीत क्षणाचाही उशीर झाला तर जुळणी चुकते. म्हणून एएनसीचं (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे ही उलट्या लहरीची युक्ती) खरं काम साधारण १,००० हर्ट्झच्या खालीच चालतं. त्याच्या वर अडवणूक करते ती कानाभोवतीची गादी किंवा कानातली रबरी टोपी. स्वस्त संचांत या सीमेच्या आसपास जुळणी मागे पडते आणि तेवढ्या पट्ट्यातला आवाज घटण्याऐवजी किंचित वाढतो, शिवाय बारीक ‘स्स्स’ ऐकू येतं. म्हणजे संच सुमार दर्जाचा आहे. बहिरेपणाशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरी खरी गोष्ट म्हणजे दडे बसल्यासारखं वाटणं. काहींना एएनसी चालू करताच घाटात गाडी चढताना होतं तसं होतं, क्वचित गरगरतंही. दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो. खालच्या पट्टीचा आवाज अचानक गायब झाला की मेंदू त्याचा अर्थ दाब बदलला असा लावतो. ज्यांना हा त्रास होतो त्यांनी ॲपमध्ये एएनसीची पातळी मध्यम करावी. तरीही होत असेल तर एएनसी नसलेला, पण कान नीट झाकणारा हेडफोन घ्यावा.

यावरूनच कुठे उपयोग होईल आणि कुठे नाही ते ठरतं. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला १,५०० फेरे फिरत असेल तर त्याची मुख्य घरघर ७५ हर्ट्झची असते. एसटीची, ट्रॉलरची, फेरीबोटीची घरघर याच मुलखातली. तिथे एएनसी उत्तम चालतं. कोकण रेल्वेच्या बोगद्यांतला घुमणारा गडगडाट, विमानातला अखंड घोंगावणारा आवाज, छताचा पंखा, इथेही. पत्र्यावर कोसळणारा पाऊस, मिक्सर, समोरच्या बर्थवरचं रडणारं बाळ, यांचा वरच्या पट्टीतला भाग राहणारच. ‘पूर्ण शांतता’ कुठलाच हेडफोन देत नाही.

आता दुसरा दावा, ज्याची मला सर्वांत जास्त चीड आहे. ‘साधे इअरफोन फुल आवाजात लावलेले बरे.’ बहिरेपणा येतो तो नेमका याच सवयीने. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी सुरक्षित श्रवणासाठी मिळून जे मानक केलं आहे, त्यात मोठ्यांसाठी आठवड्याची मर्यादा ८० डेसिबलला ४० तास अशी आहे. मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ ला फक्त अडीच तास.

हे गणित खिडक्या उघड्या असलेल्या स्लीपर डब्यात लावून पाहा. डब्यातला गोंगाट ८० डेसिबलच्या घरात असेल तर गाण्याचे शब्द कळण्यासाठी आवाज त्याच्या वर न्यावा लागतो. साध्या, सैल इअरफोनमध्ये माणूस नकळत ८९-९० वर जातो. मुंबई ते सावंतवाडी नऊ-दहा तास असं ऐकलं तर एका रात्रीत दोन आठवड्यांचा कोटा संपतो. चांगली गादी आणि एएनसी मिळून तोच गोंगाट कानापाशी ६० च्या आसपास आला, तर ७० ला गाणं स्वच्छ ऐकू येतं आणि मर्यादेच्या जवळपासही आपण जात नाही. कान वाचतो तो आवाज खाली ठेवता येतो म्हणून. चिपमध्ये औषधी गुण नाहीत. एएनसी चालू करून आवाज पूर्वीच्याच जागी ठेवला तर काडीचा फायदा नाही. आधी एएनसी चालू करा, मग गाणं, आणि आवाज शून्यापासून शब्द कळेपर्यंतच वर न्या. फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनचा आवाज ठरावीक मर्यादेवर अडवण्याची सोय असेल तर ती घरातल्या ज्येष्ठांच्या आणि मुलांच्या फोनवर लावून द्या.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. बहुतेक हेडफोन-बड्सची प्रसारणशक्ती काही मिलिवॅट असते. ब्लूटूथच्या ‘क्लास २’ ची कमाल मर्यादा २.५ मिलिवॅट आहे. ४जी फोन गरजेला २०० मिलिवॅटपर्यंत जातो. ज्याला किरणांची भीती वाटते त्याने फोन कानाला लावणं सोडून हेडफोनवर बोलावं. मेसेजने सल्ला बरोबर उलटा दिला आहे.

डेसिबलच्या आकड्याचं काय? खोक्यावरचा ‘५० डेसिबलपर्यंत’ हा आकडा बहुधा एखाद्याच, सर्वांत सोयीच्या कंपनावर मिळालेला असतो. ‘पर्यंत’ हा शब्द त्यासाठीच. दुकानात आणखी एक फसगत होते. खोक्यावर ‘ईएनसी’ लिहिलेलं असतं आणि विक्रेता ते ‘नॉइज कॅन्सलिंगच आहे’ म्हणून देतो. ईएनसी फोनवर बोलताना आपल्या बाजूचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जावा यासाठी असतं. आपल्या कानाला त्याचा काही उपयोग नाही. खोक्यावर ‘एएनसी’ असल्याची खात्री करा.

आकड्यापेक्षा कानावर नीट बसणं मोलाचं. दुकानात गाणं न लावता हेडफोन घाला, पंख्याजवळ किंवा बाहेर चालू जनरेटरजवळ उभे राहा, एएनसी चालू-बंद करून फरक ऐका. मग दोन्ही वाट्या हातांनी हलकेच दाबा. दाबल्यावर घरघर एकदम आणखी कमी झाली तर गादी नीट टेकत नाही आणि हवा गळते आहे. चष्म्याच्या जाड काड्या, कानाच्या वरच्या पाळीतली बुगडी, गादीखाली आलेले केस, यांनी खालच्या पट्टीची अडवणूक पार ढासळते. चष्मा रोज लावता तोच लावून तपासा. बड्स असतील तर तिन्ही मापांच्या टोप्या घालून बघा. दोन कानांना वेगळी मापं लागणं अगदी सामान्य आहे. पाच पावलं चालून पाहा, डोक्यात धपधप होत असेल तर टोपी बदला.

बॅटरीही प्रवासाच्या हिशेबाने बघावी. कानावर बसणारे मोठे संच एएनसी चालू ठेवून साधारण २० ते ३० तास जातात, बड्स पाच ते आठ. रात्रीच्या गाडीला बड्स मध्येच डबीत ठेवून चार्ज करावे लागतील. मोठ्या संचात ३.५ मिलिमीटरची वायर लागते का, आणि बॅटरी संपल्यावर वायरने तो चालतो का, हे दुकानातच विचारा. काही चालत नाहीत.

घरी ऐकण्यासाठी माझं मत वेगळं आहे. गावातलं शांत घर, रात्रीची वेळ आणि नाट्यगीत किंवा ख्याल ऐकायचा असेल तर एएनसी बंद ठेवा. काही संचांत ते चालू असताना तानपुऱ्याचा खर्ज बदललेला वाटतो. फक्त घरासाठीच घ्यायचा असेल तर वाट्यांची बाहेरची बाजू उघडी असलेला वायरचा हेडफोन त्याच पैशांत जास्त मोकळा वाजतो, आणि कुकरची शिट्टी, दाराची कडीही ऐकू येते. मात्र पंखा सतत फिरत असेल तर एएनसी कामाचं.

पाचव्या दाव्याबद्दल आवाज चढवूनच बोलायला हवं. दुचाकीवर एएनसी लावायचं नाही. मागून येणाऱ्या ट्रकच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीची असते, आणि एएनसी नेमकी तीच पुसतं. परशुराम किंवा कशेडी घाटाच्या वळणावर ट्रक दिसण्याआधी ऐकू येतो, तो इशाराच संपतो. बाहेरचा आवाज माइकने मुद्दाम आत सोडणारा ‘ॲम्बियंट’ मोड लावून भागत नाही, कारण वारा माइकवर आदळून त्याचाच घोंघाट कानात भरतो. हायवेच्या कडेने चालताना आणि रूळ ओलांडतानाही हेडफोन काढून गळ्यात.

राहिली बुरशी. दमट हवेत कानाचं भोक तासन्‌तास बंद राहिलं की आत ओल साचते आणि बुरशीला वाव मिळतो, हे खरं आहे. पण हे कानात घुसणाऱ्या कुठल्याही बड्सना लागू आहे, एएनसी असो वा नसो. मामींच्या खोक्यातले कानावर बसणारे हेडफोन भोक बंदही करत नाहीत. अंघोळीनंतर कान कोरडे झाल्याशिवाय बड्स घालू नयेत, दर तासा-दीड तासाने काढावेत, दुसऱ्याला देऊ नयेत. खाज किंवा पाणी आलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं, कोमट खोबरेल ओतू नये.

कोकणात खरी बुरशी आणि झीज हेडफोनलाच होते. खोक्यावरचं ‘आयपीएक्स४’ म्हणजे साध्या पाण्याचे शिंतोडे सोसण्याची हमी. खारा वारा आणि घाम त्यात मोजलेले नाहीत. घामेजलेले बड्स पुसल्याशिवाय डबीत ठेवले की चार्जिंगचे पितळी ठिपके हिरवे पडतात. जून ते सप्टेंबर सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. वाट्यांवरचं कृत्रिम कातडं पॉलियुरेथेनचं असतं. दमट हवेत ते हळूहळू विघटित होऊन त्याचे काळे पापुद्रे निघतात. गादी फाटली की हवा गळते, घरघर पुन्हा ऐकू येते, आणि लोक चिप गेली समजून संच टाकून देतात. म्हणून घेतानाच विचारा : या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का आणि कितीला? मिळत नसतील तर दुसरं मॉडेल बघा.