खुलासा: ऑर्ग मोडमधलं 'शेड्यूल्ड' म्हणजे भेटीची वेळ नव्हे

पुण्यात ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्यांत एक सल्ला फिरतोय: ऑर्ग मोडमध्ये, म्हणजे ईमॅक्समधल्या नोंदी आणि कामं सांभाळायच्या सोयीत, भेट नोंदवायची तर 'शेड्यूल्ड' लिहा. हा सल्ला चुकीचा आहे. 'शेड्यूल्ड' म्हणजे काम हाती घ्यायचा दिवस. ते काम 'डन' (पूर्ण) अशी खूण होईपर्यंत अजेंड्यात, म्हणजे ऑर्ग मोडच्या दिवसवार यादीत, रोज समोर येत राहतं. त्यामुळे नव्या माणसाचा अजेंडा होऊन गेलेल्या भेटींनीच भरतो आणि तो वैतागून सगळं सोडून देतो, याचं फार वाईट वाटतं. गुरुवारी 11 वाजता कोथरूडला दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय? मग नोंदीच्या शीर्षकाखाली टोकदार कंसात (< >) नुसती तारीख-वेळ लिहा. चौकोनी कंस नको. त्यातली तारीख अजेंड्यात आपोआप येत नाही. 'डेडलाइन' वेगळी: तिची आठवण मूळ सेटिंगनुसार 14 दिवस आधीपासून सुरू होते.