म्युझिक लावलं की टेन्शन येतं? नाही येत, आणि का ते सांगतो

एडिट शिकणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक पोस्ट फिरतेय, मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की टेन्शन हे सगळं म्युझिकचंच काम असतं, कुठलाही भीतीचा सीन म्यूट करून बघा, हसू येतं. हिचकॉकचा सायको, शार्कवरचा सिनेमा जॉज आणि केबीसी हे पुरावे. आवाज जितका मोठा तितकं टेन्शन जास्त, शांतता म्हणजे वाया गेलेले सेकंद, आणि म्हणून ब्रँडच्या व्हिडिओत पहिल्या तीन सेकंदात ड्रोन (एकाच सुरात घुमत राहणारा खोल आवाज) आणि राइजर (हळूहळू चढत जाणारा आवाज) टाका, बघणारा हलणार नाही. मी बारा वर्षं साउंड करतोय, सिरियल, जाहिराती, कंपन्यांच्या फिल्म, सगळं, आणि हे वाचून मला खरंच काळजी वाटली, कारण नवीन मुलं हेच डोक्यात घेऊन येतात आणि टाइमलाइनवर बसल्या बसल्या सीन नीट बघायच्या आधीच त्यांचा हात म्युझिक लायब्ररीकडे जातो.

आधी म्यूटचं घेऊ. म्यूट केल्यावर फक्त म्युझिक जातं का? संवाद जातो, पावलं जातात, दाराची कडी, श्वास, खोलीचा आवाज, सगळंच जातं, आणि दोष मात्र एकट्या म्युझिकच्या नावावर लागतो. खरं तपासायचं असेल तर फक्त म्युझिकचा ट्रॅक बंद करा, बाकी आवाज राहू द्या, मग बघा किती सीन तसेच उभे राहतात. आणि उलटंही करून बघा, तोच भीतीचा ड्रोन कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या माणसावर लावा. दहा सेकंद वाट बघाल, मग कंटाळाल. यावर अभ्यास पण झालाय. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले डॅनियल ब्लमस्टीन हे मूळचे मार्मट नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांच्या किंकाळ्यांचे अभ्यासक, घाबरलेल्या पिल्लाचा आवाज कसा फाटतो ते त्यांनी ऐकलेलं, आणि 2010 मध्ये त्यांनी सिनेमांच्या साउंडट्रॅकमध्येही तसेच फाटलेले, खरखरीत आवाज सापडतात हे दाखवलं. इथपर्यंत पोस्टवाल्यांच्या बाजूचं आहे, मान्य. पण 2012 मध्ये त्यांच्या टीमने तसे खरखरीत म्युझिकचे तुकडे आधी लोकांना नुसते ऐकवले, तेव्हा ते लोकांना जास्त उत्तेजक वाटले, आणि तेच तुकडे काहीच विशेष न घडणाऱ्या साध्या व्हिडिओवर लावले तर ती उत्तेजना उतरली. सूर नकोसा वाटत राहिला, एवढंच. म्हणजे चित्रात काही नसेल तर म्युझिक एकटं टेन्शन ओढू शकत नाही.

आता सायको. 1960 चा सिनेमा, शॉवरमधल्या खुनाचा सीन, संगीतकार बर्नार्ड हर्मनची किंचाळणारी व्हायोलिन. दिग्दर्शक हिचकॉकला त्या सीनला म्युझिकच नको होतं, हर्मनने तरी लिहिलं आणि हिचकॉकने ऐकल्यावर ते ठेवलं, ही गोष्ट खरी आहे आणि पोस्टवाले तीच सांगतात. पण सीन परत बघा ना! व्हायोलिन सुरू कधी होतात? पडदा सर्रकन ओढला जातो तेव्हा. त्याआधी नुसता पाण्याचा आवाज, सिनेमाची नायिका निवांत अंघोळ करतेय, आणि पडद्यामागे एक सावली सरकतेय जी आपल्याला दिसते आणि तिला दिसत नाही. टेन्शन त्या पाण्याच्या आवाजात आहे, व्हायोलिन येतात तेव्हा टेन्शन फुटलेलं असतं, तो धक्का आहे. या दोन गोष्टी एकच समजणं ही त्या पोस्टची सगळ्यात मोठी चूक आहे असं मला वाटतं. हिचकॉक स्वतः टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा, बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे आधी सांगून ठेवलं आणि वर बसलेली माणसं साध्या गप्पा मारत राहिली तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स. सायकोतच आधी ती नायिका गाडी चालवते तेव्हा मागे वाजणाऱ्या म्युझिकने खरंच जीव वरखाली होतो, पण का होतो, तर चोरलेले चाळीस हजार डॉलर तिच्याजवळ आहेत हे आपल्याला माहितीये.

जॉजमध्ये तर हे आणखी स्वच्छ दिसतं. संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर सगळ्यांना पाठ आहेत. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून शार्क फार दाखवताच आला नाही आणि त्याची जागा त्या दोन स्वरांनी घेतली, हेही खरं. पण दोन पोरं शार्कसारखा पुठ्ठ्याचा पंख लावून लोकांना घाबरवतात त्या सीनला ती धून नाहीये! किनाऱ्यावर पळापळ, किंचाळ्या, आणि धून गायब, कारण शार्क नाहीये. विल्यम्सने प्रेक्षकाला एक शब्द दिला की ही धून वाजली म्हणजे तो आला, आणि तो शब्द इतका वेळ पाळला की पुढे बोटीवर पाण्यात मासळीचे तुकडे टाकताना शार्क धून न वाजताच वर येतो तेव्हा आपण खुर्चीतून उडतो. आमच्या सिरियलमध्ये काय होतं? सासूने कप ठेवला, धाड. फोन वाजला, धाड. सून वळली, तीनदा धाड. आठवड्याभरात तो आवाज काहीच सांगेनासा होतो.

केबीसीचं उदाहरण चांगलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर. मूळ ब्रिटिश कार्यक्रम 1998 चा, संगीत कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांचं, आणि त्यातली खुबी अशी की सुरुवातीचे सोपे प्रश्न संपले की पुढे प्रश्नागणिक पट्टी अर्ध्या स्वराने वर चढते, बघणाऱ्याला कळतही नाही पण छातीला कळतं. (2019 मध्ये अजय-अतुलनी आपल्याकडची धून नव्याने बांधली तीही ऐकण्यासारखी आहे.) पण ती पट्टी कशाबरोबर चढते? रकमेच्या शिडीबरोबर. चुकला तर खाली कुठल्या पडावावर येणार हे माहीत, लाइफलाइन किती उरल्या ते माहीत, प्रेक्षकांत वडील हात जोडून बसलेत ते दिसतंय. तेच म्युझिक ज्यात हरण्यासारखं काहीच नाही अशा कॉलेजच्या क्विझला लावून बघा, मी बघितलंय लावलेलं, पोरं मोबाइल बघत बसली होती.

मोठ्या आवाजाचं दोन ओळीत संपवतो. टीव्हीला लाउडनेसचे नियम आहेत, युरोपात 2010 पासून उणे 23 एलयूएफएसचं (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) माप आहे, आणि युट्यूबही जास्त मोठा व्हिडिओ आपोआप खाली आणतं, म्हणजे सगळं म्युझिक वर नेलं तर शेवटी फक्त संवाद दबतात.

शांततेला वाया गेलेले सेकंद म्हणणाऱ्याने कीर्तन ऐकलेलं नाही. बुवा आख्यानात ऐन जागी येतात, हात वर करतात, तबला थांबतो, पेटी थांबते, आणि अख्ख्या मंडपात कुणी खोकत नाही. आमची आई स्वयंपाकघरातून सिरियल ऐकते, धाड वाजली की ती पोळी उलटत राहते, पण बीजी, म्हणजे मागचं म्युझिक, अचानक बंद झालं की पिठाच्या हातांनी दारात येऊन विचारते, काय झालं रे?

राहिला ब्रँडचा मुद्दा. फोनच्या स्पीकरवर तो खालचा ड्रोन जवळजवळ ऐकूच येत नाही आणि निम्मी लोकल आवाज बंद करून स्क्रोल करते, हे एक. दुसरं माझ्या टेबलावरचं. टाकी साफ करून देणाऱ्या एका कंपनीची तीस सेकंदांची फिल्म होती, बाई मुलाला पाण्याचा ग्लास देते, मग टाकी उघडल्याचा शॉट, आणि पहिल्या सेकंदापासून ड्रोन. कंपनीचे साहेब म्हणत होते अजून भीती पाहिजे, आम्ही राइजर घातला, दुसरा घातला, तीन तास गेले, काही होईना. मग एडिटरने टाकीचा शॉट उचलून पुढे आणला, झाकण सरकतं, आतल्या पाण्यावर हिरवी साय, आणि मी सगळं म्युझिक काढून फक्त फ्रिजची घरघर आणि नळाची टपटप ठेवली. बाईने ग्लास भरला, मुलाने तोंडाला लावला, आणि मागे बसलेले साहेब मोठ्याने बोलले, अरे पिऊ नकोस. फिल्म तशीच गेली. त्यात म्युझिक येतं ते चोविसाव्या सेकंदाला, बाईने ग्लास सिंकमध्ये ओतल्यावर.