‘दूधवाल्याची सायकल’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली आणि खाली दोन ओळी टाकण्यापेक्षा वेगळंच लिहायला घेतलं, कारण तुम्ही जे विचारलं ते आणखी बऱ्याच जणांच्या मनात असणार. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी जुनी स्टीलची फ्रेम घेऊन रोज ऑफिसला जायची सायकल कशी बांधली ते लिहिलं होतं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की एवढ्या पैशात नवीकोरी शॉकअपवाली, डिस्क ब्रेकची, एकवीस गिअरची सायकल आली असती, मी मात्र मडगार्ड, कॅरियर, स्टँड ठोकून ‘दूधवाल्याची सायकल’ करून ठेवली, शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात सायकलने ऑफिस म्हणजे बोलायच्या गोष्टी, हे सगळे हौशी लोकांचे लेख, सामान्य माणसाच्या काय कामाचे. आणि शेवटी तुम्ही हेही लिहिलं की तुमच्याकडे अशीच एक गिअरची सायकल आहे, दोन वर्षांपासून पार्किंगमध्ये उभी आहे. त्या सायकलकडे मी शेवटी येतो, मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली.

आधी पैसे. माझी सायकल सगळं मिळून आठ-नऊ हजारांत उभी राहिली, तेवढ्याच किमतीत नवीन शॉकअपवाली येते हे खरंच आहे. पण दुकानात उभी असते ती सायकल बहुतेक वेळा नुसती सायकल असते. मडगार्ड वेगळे, कॅरियर वेगळं, लाइट वेगळा, कुलूप वेगळं, आणि कॅरियर घ्यायला गेलं की कळतं की फ्रेमला त्याचे बोल्ट लावायला भोकंच दिलेली नाहीत किंवा मागच्या डिस्कचा कॅलिपर (पत्र्याला पकडणारा ब्रेकचा भाग) नेमका तिथेच आडवा येऊन राहिला. रोजच्या सायकलला लागणाऱ्या वस्तू ज्या सायकलवर बसतच नाहीत ती घेताना स्वस्त वाटली तरी रोजच्या कामाला महागच पडते.

आता शॉकअप. यावर मी थोडं जास्त लिहितो कारण बरेच लोक फक्त ते पाहून सायकल घेतात. महाग सायकलमधल्या शॉकअपबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यात तेल असतं, हवा असते, ते उघडून दुरुस्त करता येतं. आपल्या बजेटमध्ये जो येतो त्यात आत एक स्प्रिंग आणि रबराचे तुकडे, बस. वजन साध्या स्टीलच्या चिमट्यापेक्षा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कपेक्षा, किलो-सव्वा किलो जास्त. चढावर उभं राहून पायडल मारलं की जोर चाकात जायच्या ऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो, आणि पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत नळ्यांवर गंज चढतो, रबरी सील फाटतं, मग तो खालीवर होणंच बंद होतो, वजन मात्र तसंच राहतं. मी ज्यांच्याकडून चाकांचा आउट (वाकडेपणा) काढून घेतो ते मेकॅनिक काका याबद्दल एकच सांगतात, ‘याच्यात खोलाले काहीच नसते, गेला का पुरा बदला.’

मग नागपूरच्या रस्त्यांवर हाताला झटके बसत नाहीत का? बसतात, पण त्याचा इलाज टायरमध्ये आहे. आपल्याकडे आता बरेच रस्ते सिमेंटचे झाले, त्यांचा त्रास खड्ड्यांपेक्षा वेगळा आहे, दर काही मीटरवर आडवा जॉइंट आणि कडेला सिमेंटचा स्लॅब संपून गट्टू (सिमेंटच्या विटा) सुरू होतात तिथे लांबच लांब उभी फट, कुठे कुठे गट्टू खचून दोन बोटं खाली गेलेले. बसवाला मागून हॉर्न देतो, आपण कडेला होतो, आणि बारीक टायर असेल तर नेमका त्या फटीत उतरतो आणि हँडल वळवलं तरी बाहेर येत नाही, माणूस आडवा. म्हणून मी २६ इंची चाकाला १.७५ इंच रुंदीचे गुळगुळीत टायर लावले आणि हवेचा दाब ४५-५० पीएसआयच ठेवतो, दगडासारखी टाइट नाही. एवढ्या रुंदीचा टायर त्या फटीत सहसा उतरत नाही आणि जॉइंटचा झटका टायरमधली हवाच खाते. जाड बटणांचे टायर, जे तुमच्या सायकलला असणार, ते चिखलाच्या पायवाटेसाठी आहेत, सिमेंटवर ते नुसते गुणगुणतात आणि पाय ओढतात. एक टायरची जोडी बदलली की तीच सायकल किती हलकी वाटते हे एकदा करून पाहा, मी अगदी मनापासून सांगून राहिलो.

गिअर. एकवीस हा आकडा ऐकायला मोठा आहे, पण तो पुढचे तीन गुणिले मागचे सात असा येतो. पुढे, म्हणजे पायडलजवळ, सहसा ४२-३४-२४ दातांची चाकं आणि मागे, मागच्या चाकाला, १४ ते २८ दातांची. आता हिशोब करा, पुढे २४ मागे १४ टाकलं तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक १.७१ वेळा फिरतं, पुढे ३४ मागे २० टाकलं तर १.७०, पुढे ४२ मागे २४ टाकलं तर १.७५. म्हणजे तीन वेगळे गिअर आणि पायाला एकच. अशा किती जोड्या निघतात ते तुम्हीच मोजा, वर चेन तिरपी जाते म्हणून दोन-चार गिअर वापरायचेच नसतात. खरे वेगळे गिअर त्यातले अर्धेच. आणि आपलं गाव पाहा ना, सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर चढ म्हणजे रेल्वेचे पूल आणि उड्डाणपूल. मी पुढे ३८चं एकच चाक ठेवलं, मागे तोच १४-२८चा सात गिअरचा फ्रीव्हील, म्हणजे दातांच्या चाकांचा गठ्ठा. ३८-१८ वर आरामात, मिनिटाला सत्तर पायडल मारत गेलं तर ताशी १८ किलोमीटर पडतात, २८ वर टाकलं की साडेअकराच्या आसपास, त्यात मागे टिफिन आणि लॅपटॉप असताना पूल चढून होतो, आणि मोकळ्या रस्त्यावर १४ वर तेवीसपर्यंत जाता येतं. ऑफिसला जायला यापेक्षा काय पाहिजे.

इथे एक बारीक गोष्ट, मागच्या लेखात राहून गेली होती आणि दोघांनी विचारलीपण. पुढे एकच चाक केलं की खड्ड्यात चेन उतरते. त्यासाठी पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, काढून टाकू नका. त्याची केबल आणि हँडलवरचा शिफ्टर काढा, डिरेलर तिथेच राहू द्या आणि त्याचे दोन लिमिट स्क्रू असे फिरवा की त्याची पट्टी बरोबर चेनच्या दोन्ही बाजूंना, घासणार नाही पण चेनला बाहेरही जाऊ देणार नाही, अशी अडकून बसेल. पुढचं चाक मागच्या सातपैकी मधल्या, म्हणजे चौथ्या चाकाच्या सरळ रेषेत यायला पाहिजे, नाही आलं तर बीबी एक्सल (पायडलचे दांडे ज्यावर फिरतात तो आस) वेगळ्या लांबीचा घ्यायचा. वर अर्धं चेनकव्हर, म्हणजे पँटला काळं लागत नाही.

डिस्क ब्रेकबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. ओल्या पावसात डिस्क चांगली लागते, रिम आउट असली तरी फरक पडत नाही, आणि कोणी रोज उतारावरून भर पावसात येणार असेल तर त्याने चांगली डिस्क जरूर घ्यावी. पण स्वस्त डिस्कमध्ये एकाच बाजूचा पॅड सरकतो, तो सारखा अ‍ॅडजस्ट करावा लागतो, आणि ऑफिसच्या स्टँडमध्ये सायकली एकमेकीत घुसवून ठेवतात तिथे पत्रा जरासा वाकला की दिवसभर खर्र खर्र. मी अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर व्ही-ब्रेक (दोन्ही बाजूंनी रिमला रबर दाबणारे) ठेवले, रबर कुठेही मिळतात आणि मला स्वतःला बदलता येतात. फक्त एक ध्यानात ठेवा, व्ही-ब्रेकला त्याचाच लिव्हर लागतो, जुन्या कॅलिपर ब्रेकचा लिव्हर केबल कमी ओढतो, तो लावला तर ब्रेक पूर्ण लागतच नाही. आणि स्टीलच्या चकचकीत रिमवर तर पावसात कोणताही ब्रेक भरवशाचा नाही.

आता मडगार्ड, ज्यावर तुम्ही एवढे चिडले. नागपूरची माती काळी, कापसाची. पाऊस पडला की ती लोण्यासारखी टायरला चिकटते. बेसा-मानेवाड्याकडे जिथे अजून प्लॉट मोकळे आहेत आणि रस्त्याच्या कडा कच्च्या, तिथून एकदा सायकल काढा, टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा नसेल तर माती तिथे भरते, घट्ट होते आणि चाक चक्क थांबतं. म्हणून मडगार्ड नको असं लोक म्हणतात, पण उपाय मडगार्ड काढणं नाही, जागा ठेवणं आहे. मी फ्रेम निवडताना हेच पाहिलं होतं की १.७५चा टायर घातल्यावर वर अंगठा आरामात जातो का. पुढच्या मडगार्डला खाली रबरी झालर लावली, ती जमिनीपासून चार बोटं वर, कारण पुढच्या चाकाचं पाणी आपल्या बुटात आणि सरळ बीबीत जातं, आणि बीबीच्या छर्‍यांत पाणी-माती गेली की ग्रीस धुऊन जातं, मग पायडल मारताना कटकट आवाज. मागचं मडगार्ड तर मागून येणाऱ्या माणसासाठीही आहे.

कॅरियरचं कारण उन्हाळ्यात कळतं. पाठीवर बॅग घेतली की पाठीला हवाच लागत नाही, शर्ट भिजून जातो. तीच बॅग मागे बांधा, अर्धा घाम तिथेच कमी होतो.

आणि आता दूधवाला. भाऊ, मला तो शब्द अजिबात कमीपणाचा वाटला नाही. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, पहाटेची वेळ, पाऊस असो थंडी असो, रोज, वर्षानुवर्षं. मागे कॅरियरपासून एक्सलपर्यंत जास्तीच्या सळया, चिमट्याला आधाराच्या सळया, मागच्या चाकाला चाळीस आरे आणि पुढच्याला बत्तीस, कारण वजन मागे असतं. ही सगळी कामातून तयार झालेली अक्कल आहे. हिंगण्याला एमआयडीसीत शिफ्ट सुटते तेव्हा किंवा सकाळी कामठी रोडवर बांधकामाच्या साइटवर जाणारे लोक पाहा, चौकीदार, मिस्त्री, रंगारी, सगळ्यांच्या सायकलला मडगार्ड आहे, कॅरियर आहे, स्टँड आहे, डबा लटकलेला आहे. तुम्ही सामान्य माणूस म्हणता तो तर कधीचाच याच सायकलवर आहे, आणि त्याला ती शॉकअपविना चालते म्हणून नाही तर रोज चालावी लागते म्हणून तशी आहे. मी त्यांच्याकडूनच शिकलो, त्यात फक्त गिअर आणि बरे ब्रेक घातले.

उन्हाचं मात्र मी हलक्यात घेत नाही. २०१३च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ला गेला होता आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, दुपारी दोनला सायकल चालवा असं मी कोणालाही सांगणार नाही, उष्माघात ही थट्टेची गोष्ट नाही. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत निघायचं, कानाला दुपट्टा, पाण्याची बाटली, आणि परत यायचं ते ऊन उतरल्यावर. दुपारीच निघावं लागणार असेल तर सरळ मेट्रो, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर अशा दोन्ही लाइन सीताबर्डीला मिळतात, स्टेशनपर्यंतचा तुकडा तेवढा सायकलने. हे वर्षातले काही आठवडे झाले. त्या काही आठवड्यांसाठी जुलै ते मार्च का सोडायचे?

सायकललाही ऊन लागतं, ते सांभाळायचं. सकाळी ५० पीएसआय हवा भरली आणि सायकल भर उन्हात तापली की तीच ५७च्या आसपास जाते, म्हणून उन्हाळ्यात टायरवर लिहिलेल्या शेवटच्या आकड्यापर्यंत भरायची नाही. घाईत लावलेलं पंक्चरचं ठिगळ तापलं की सुटतं, ट्यूब नीट घासून, सोल्युशन पूर्ण सुकू देऊनच ठिगळ दाबायचं. आणि सावलीत लावा.

आता तुमची पार्किंगमधली सायकल. विकू नका, ती फ्रेम वाया घालवायची गरज नाही. दोन वर्षं बिनहवेची उभी असेल तर टायरच्या बाजूच्या भिंतींना भेगा पडल्या असतील, त्यामुळे नाहीतरी टायर बदलायचेच आहेत, ते गुळगुळीत घ्या, पहिला खर्च हाच. ब्रेक आणि गिअरच्या केबल गंजल्या असतील, त्या बदला, फारशा महाग नाहीत. सीट वर करा, टाच पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, बऱ्याच लोकांचे गुडघे सीट खाली असल्यामुळे दुखतात आणि मग सायकल पार्किंगमध्ये जाते. पुढे मधल्या ३४वर चेन टाका आणि काही दिवस फक्त मागचे गिअर वापरा. शॉकअप आहे तसा राहू द्या. मग पुढच्या पगारात मडगार्ड, शॉकअपच्या चिमट्याला बसणारे वेगळे मिळतात, आणि मग कॅरियर, डिस्कच्या सायकलसाठी बाहेरून वळवलेल्या पायांचं मागायचं.

टायर घ्यायच्या आधी एक काम करा, टायरच्या बाजूला बारीक अक्षरात आकडा छापलेला असतो, त्यात शेवटी ५५९ आहे की ५८४ ते पाहा, कारण २६ आणि साडेसत्तावीस दोन्ही दिसायला सारखेच वाटतात आणि एकमेकांत बसत नाहीत. तो आकडा आणि मागच्या फ्रेमला कॅरियरची भोकं आहेत की नाही एवढं इथेच खाली लिहा, मग काय बसेल ते सांगतो.