लांब कराराने संघ बुडत नाही

न्यूयॉर्क मेट्सचा २०२५ चा हंगाम संपला तेव्हापासून बेसबॉल बघणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत एक मजकूर फिरतो आहे. त्याचं सार असं: "हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले आणि संघ प्लेऑफलाही (हंगामानंतरच्या बाद फेरीलाही) पोचला नाही. असे करार म्हणजे पैशाची उधळपट्टी. पुढे खेळाडू म्हातारा होऊन बसून खातो आणि संघ त्याच्या ओझ्याखाली बुडतो. पुजोल्स बघा. पैसे हातात पडले की भूक मरते, क्रिस डेव्हिस बघा. ओहतानीचा करार तर सरळ उधारीची फसवणूक. शहाणा संघ टॅम्पा बे, स्वस्तात खेळतो आणि जिंकतो."

मी टेक्सासमध्ये राहते आणि इथल्या रेंजर्स संघाची चाहती आहे. लांब करारांनी संघाचं काय होतं ते जवळून पाहिलं आहे, म्हणून यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी मेट्सचा फलंदाज सोटो, कारण मजकुराची सुरुवात त्याच्यापासून आहे. त्याने २०२५ मध्ये ४३ होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले आणि ३८ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला. १२ जूनला मेट्स ४५ विजय आणि २४ पराभवांवर होते, त्या दिवशी सगळ्या लीगमध्ये त्यांच्या पुढे कोणीच नव्हतं. त्याच दिवशी त्यांचा सर्वात भरवशाचा पिचर (चेंडू टाकणारा) कोडाई सेंगा पहिला बेस गाठायला धावला, उंच आलेला चेंडू झेलायला त्याने उडी मारली आणि मांडीचा स्नायू दुखावून घेतला. परतल्यावर तो पहिल्यासारखा राहिला नाही, शेवटी त्याला खालच्या, मायनर लीगमध्ये पाठवावं लागलं. बाकी पिचिंगही एकेक करून ढासळत गेलं. ८३ विजयांवर सिनसिनाटीशी बरोबरी झाली आणि नियमाने प्लेऑफची जागा सिनसिनाटीला मिळाली. यात सोटोच्या कराराची लांबी कुठे येते? करार एका वर्षाचा असता तरी सेंगाची मांडी दुखावलीच असती.

"शेवटच्या वर्षांचे पैसे फुकट जातात." हा मजकुरातला सर्वात जोरदार मुद्दा आहे आणि सर्वात मोठा गैरसमजही. ब्राइस हार्परने २०१९ मध्ये फिलाडेल्फियाशी १३ वर्षांचा, ३३ कोटींचा करार केला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. करार २०३१ पर्यंत आहे. अडतिसाव्या वर्षी हार्पर हार्पर राहणार नाही हे सही करणाऱ्याला माहीत नव्हतं असं कोणाला खरंच वाटतं का? त्याच्या सव्विसाव्या ते चौतिसाव्या वर्षांची किंमत तेरा हप्त्यांत विभागली आहे, इतकंच. घराचा हप्ता वीस वर्षं फेडताना विसाव्या वर्षी घर जुनं झालं म्हणून आपण फसलो असं कोणी म्हणत नाही.

हप्ते लांबवायचं कारण लक्झरी टॅक्समध्ये आहे. संघाचा पगारखर्च ठरावीक रकमेच्या वर गेला (२०२५ मध्ये ती २४ कोटी १० लाख होती) की वरच्या पैशावर दंड बसतो. पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. हा हिशेब त्या वर्षी हातात पडलेल्या पगारावर होत नाही, कराराच्या वार्षिक सरासरीवर होतो. ३३ कोटी दहा वर्षांत दिले तर सरासरी ३ कोटी ३० लाख, तेरा वर्षांत दिले तर सुमारे २ कोटी ५४ लाख. दरवर्षी पाऊण कोटीची जागा मोकळी होते, तेवढ्यात एक बरा रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात उतरणारा बदली पिचर) येतो. हार्पर २०२१ मध्ये एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि २०२२ मध्ये त्याने संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे जेतेपदाच्या अंतिम मालिकेत, नेलं. पुढच्या उतारवयाचे पैसे त्या वर्षांतच वसूल होत होते.

आता फलंदाज अल्बर्ट पुजोल्स. हे उदाहरण मी टाळणार नाही, कारण तो करार वाईटच होता. डिसेंबर २०११ मध्ये लॉस एंजलिस एंजल्सनी त्याला १० वर्षांचे २४ कोटी दिले. तो तेव्हा बत्तिशीला टेकला होता आणि पाय कुरकुरत होते. त्याला जाऊ देणाऱ्या कार्डिनल्सना भरपाई म्हणून एंजल्सची ड्राफ्टची (नवे खेळाडू निवडण्याची) पाळी मिळाली, त्यातून त्यांनी २०१२ मध्ये पिचर मायकल वाका घेतला आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, वाका नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा एमव्हीपी झाला. इतका चोख सौदा क्वचितच कोणाला जमला असेल.

पण "पुजोल्समुळे एंजल्स बुडाले" हे मला मान्य नाही. २०१२ मध्ये त्याच संघाचा नवखा माइक ट्राउट एमव्हीपीच्या मतदानात दुसरा आला, आणि २०१३ साठी एंजल्सनी त्याला पगार दिला ५ लाख १० हजार डॉलर. किमान पगाराच्या वर फक्त वीस हजार! खेळातला सर्वोत्तम खेळाडू जवळजवळ फुकटात मिळाला होता. पुढे २०१८ मध्ये पिचर आणि फलंदाज दोन्ही असलेला ओहतानीसुद्धा किरकोळ पगारावर आला. तीन वर्षांहून जास्त काळ पुजोल्स, ट्राउट आणि ओहतानी एका ड्रेसिंग रूममध्ये होते. तरी २०१६ पासून ओहतानी सोडून जाईपर्यंत एंजल्सचा एकही हंगाम असा नाही ज्यात विजय पराभवांपेक्षा जास्त आहेत. त्या दशकातल्या एकमेव प्लेऑफमध्ये, २०१४ ला, कॅन्सस सिटीने त्यांना तीन सामन्यांत गुंडाळलं. पिचर तयार होत नव्हते, खालच्या लीगमधून माणसं वर येत नव्हती. पुजोल्सचा पगार हे दुखणं होतं, पण त्याने कोणी मरत नाही. संघ मेला तो दुसऱ्याच रोगाने.

आता आमच्याकडचं सांगते. २०२१ मध्ये रेंजर्स १०२ सामने हरले. ऑगस्टमध्ये आर्लिंग्टनच्या त्या बंद छताखाली बसून मी मुलीला एका रिकाम्या रांगेतून दुसऱ्या रिकाम्या रांगेत फिरू दिलं होतं, अडवणारं कोणी नव्हतं. त्याच हिवाळ्यात, लॉकआऊट (मालकांची टाळेबंदी) लागायच्या आधीच्या काही दिवसांत, संघाने मार्कस सेमियनला ७ वर्षांचे १७ कोटी ५० लाख आणि कोरी सीगरला १० वर्षांचे ३२ कोटी ५० लाख दिले. पन्नास कोटी, दोन माणसांना. आज फिरणाऱ्या मजकुरातली वाक्यं तेव्हा सीगरबद्दल ऐकली होती, शब्दही तेच. २०२२ मध्ये ९४ पराभव झाले तेव्हा तर ती अधिकच मोठ्याने ऐकू आली.

मग २७ ऑक्टोबर २०२३. ॲरिझोनाविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, नववी इनिंग, रेंजर्स ३–५ ने मागे, एक आऊट, पहिल्या बेसवर लिओडी टावेरास. समोर ॲरिझोनाचा पिचर पॉल सेवाल्ड. सीगरने पहिलाच चेंडू उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत टोलवला, ५–५ अशी बरोबरी. हा माणूस एरवी चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही, पण त्या क्षणी तो आपल्या डगआऊटकडे वळून असा ओरडला की घरात मुलगी झोपेतून उठून बाहेर आली. मी ओरडले म्हणून उठली की तो ओरडला म्हणून, ते आता सांगता येणार नाही. अकराव्या इनिंगमध्ये अडोलिस गार्सियाने सामना संपवला. पाच सामन्यांत मालिका जिंकली. फ्रँचायझी १९६१ ची आहे आणि हे तिचं पहिलं जेतेपद. मालिकेचा एमव्हीपी सीगर.

पण त्या संघाकडे नीट बघा. गार्सियाला रेंजर्सनी २०१९ मध्ये कार्डिनल्सकडून नुसते रोख पैसे देऊन उचललं होतं, कारण तो तिथे कोणाला नको होता. जॉश यंग आणि इव्हान कार्टर ही घरची पोरं, किमान पगारावरची. जॉर्डन माँटगमेरी हंगामाच्या मध्यात अदलाबदलीत आला. लांब कराराचे दोन खांब, आणि त्यांच्यावर स्वस्त पण नीट निवडलेलं छप्पर. खांब नसते तर छप्पर कशावर टेकलं असतं? आणि नुसते खांब उभे केले तर काय होतं ते एंजल्सनी दाखवलंच आहे. पुढची दोन वर्षं रेंजर्स प्लेऑफला गेले नाहीत, हे खरं आहे. २०२३ चं जेतेपद त्यामुळे कोणी परत नेत नाही.

"पैसे मिळाले की भूक मरते." मॅक्स शर्झरने २०१५ मध्ये वॉशिंग्टनशी ७ वर्षांचा, २१ कोटींचा करार केला. त्यानंतर दोन साय यंग (सर्वोत्तम पिचरचे) पुरस्कार आणि २०१९ चं जेतेपद. मुकी बेट्सने जुलै २०२० मध्ये १२ वर्षांचा करार केला आणि तेव्हापासून डॉजर्ससोबत तीन वेळा जिंकला. राहिला क्रिस डेव्हिस. बॉल्टिमोरने त्याला ७ वर्षांचे १६ कोटी १० लाख दिले आणि २०१८ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .१६८ वर आली (शंभर प्रयत्नांत जेमतेम सतरा यशस्वी फटके, म्हणजे हिट). त्या वर्षाच्या सप्टेंबरपासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत सलग ५४ प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाली नाही, पिचर सोडून बाकी खेळाडूंत हा विक्रम झाला. १३ एप्रिलला बॉस्टनमध्ये अखेर एक सिंगल (एका बेसचा फटका) गेली, तेव्हा त्याने खूण करून तो चेंडू ठेवून द्यायला सांगितला. पैसे मिळाले म्हणून ज्याला काही वाटेनासं झालं आहे तो माणूस साध्या सिंगलचा चेंडू जपून ठेवत नाही. त्याचा खेळ गेला होता. ते दुःख आहे, त्याला आळस म्हणणं मला क्रूर वाटतं.

ओहतानीची "उधारी". डॉजर्सशी १० वर्षांचे ७० कोटी, त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, बिनव्याजी. फसवणूक म्हणजे काहीतरी लपवलेलं असतं. इथे पुढच्या रकमेची आजची किंमत संघाला बाजूला काढून ठेवावी लागते, आणि लक्झरी टॅक्ससाठी वर्षाला २० लाख न धरता सुमारे ४ कोटी ६० लाख धरले जातात. शर्झरचे निम्मे पैसेही असेच पुढे ढकलले होते, तेव्हा कोणी हाकाटी केली नाही.

टॅम्पा बेबद्दल मला आदर आहे. पण ते दोनदा, २००८ आणि २०२० मध्ये, वर्ल्ड सिरीजला गेले आणि दोन्हीदा हरले. २०२० च्या सहाव्या सामन्यात त्यांनी ७३ चेंडूंनंतर पिचर ब्लेक स्नेलला काढलं, पाठोपाठ डॉजर्सच्या बेट्सने डबल मारला आणि त्याच इनिंगमध्ये सामना फिरला. आणि ती स्वस्ताई येते कुठून? खेळाडूला मुक्त बाजारात जायला लीगमध्ये सहा वर्षं काढावी लागतात. पहिली तीन वर्षं जवळजवळ किमान पगारावर (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार), मग लवादाची तीन, ज्यात पगाराचा वाद लवाद सोडवतो. ऐन उमेदीचा काळ संघाने निम्म्याहून कमी भावात घेतलेला असतो. तिशीत मिळणारा मोठा करार ही बऱ्याच अंशी त्या वर्षांची थकबाकी आहे. आणि छोटे संघही लांब करार करतात. कॅन्सस सिटी २०२३ मध्ये १०६ सामने हरली, पुढच्या फेब्रुवारीत तिने बॉबी विट ज्युनियरला ११ वर्षांचे सुमारे २९ कोटी दिले आणि त्याच वर्षी ती प्लेऑफमध्ये होती. तो २३ वर्षांचा होता. माझ्या लेखी कराराची वर्षं नंतर बघावीत, खेळाडूचं वय आधी.

एक गोष्ट मात्र मजकूर लिहिणाऱ्याची मी मान्य करते: पिचर. डिसेंबर २०१९ मध्ये तीन दिवसांत स्टीफन स्ट्रासबर्ग (७ वर्षं, २४ कोटी ५० लाख), गेरिट कोल (९ वर्षं, ३२ कोटी ४० लाख) आणि फलंदाज अँथनी रेंडन (७ वर्षं, पुन्हा २४ कोटी ५० लाख) यांचे करार झाले. स्ट्रासबर्ग त्यानंतर फक्त आठ सामन्यांत उतरू शकला. कोलने साय यंग मिळवला आणि मग त्याचं कोपर गेलं. रेंडन सतत जखमी. पिचरचा हात कधी जाईल ते देवालाच ठाऊक, आणि तिशीच्या पिचरला सात वर्षं देताना माझाही हात थरथरेल. तरी डॉजर्सनी पंचविशीच्या योशिनोबू यामामोटोला १२ वर्षं दिली, आणि २०२५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून दुसऱ्या दिवशी सातव्यातही उतरून त्याने मालिका मिळवून दिली. इथेही वय.

आणि लांब करार हा आजच्या मालकांचा वेडेपणा आहे असं वाटणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. बेसबॉलमधला सर्वात लांब करार आजन्म होता. १८७९ पासून राखीव कलम होतं: एकदा संघाचा झालास की संघ सोडेल तोवर त्याचाच, पगार दरवर्षी मालक ठरवणार. खेळाडू कर्ट फ्लडने १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला जायला नकार दिला, कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५–३ ने हरला. ते कलम मोडलं १९७५ च्या डिसेंबरात, लवाद पीटर साइट्झ यांच्या निकालाने. शंभर वर्षं बांधून ठेवण्यात मालकांना काही गैर दिसलं नाही. बांधून घेण्याची किंमत मोजावी लागली तेव्हापासून करार "लांब" झाले.

हा मजकूर पुन्हा जोरात फिरेल, कारण खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आणि पगारावर मर्यादा हवी असणाऱ्यांना असं काही फिरत राहिलेलं हवंच आहे. सोटोचा करार २०३९ पर्यंत आहे. तो संपेल तेव्हा सोटो ४१ वर्षांचा होईल, बेस चोरणं तोवर कधीच थांबलेलं असेल. मेट्सना हे सही करतानाच माहीत होतं. त्यांनी पैसे मोजले आहेत ते २०२६, २०२७, २०२८ साठी, आणि त्या वर्षांत त्यांना पिचर शोधावे लागतील.