उशाला स्नेक प्लांट आहे म्हणून शेगडी आत घेऊ नका

‘बागप्रेमींनो, झाडांच्या या १० अद्भुत गोष्टी तुम्हाला कुणी सांगणार नाही!’ असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. वर गुलाबाचं चित्र, खाली ‘नासाने सिद्ध केले’. मी तो न वाचताच पुसून टाकत होतो. परवा ऐन थंडीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आत्याचा फोन आला. “अरे, स्नेक प्लांटच्या दोन कुंड्या उशाशी ठेवल्यात. आता कोळशाची शेगडी रात्रभर खोलीत राहू दिली तर चालेल ना? ते झाड विषारी वायू ओढून घेतं म्हणे.”

म्हणजे आता वाचणं भागच होतं. चौथा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या नवांनी फार तर एखादी कुंडी वाया जाईल. चौथा म्हणतो: ‘स्नेक प्लांट रात्रभर ऑक्सिजन देते, कार्बन मोनॉक्साइडसकट सर्व विषारी वायू शोषते. दारं-खिडक्या बंद ठेवा, म्हणजे शुद्ध हवा बाहेर जाणार नाही.’

हे लिहिणाऱ्यानं ग्वाल्हेरची थंडी काढलेली दिसत नाही. जुन्या घरांच्या दगडी भिंती, पारा पाच अंशांच्या आसपास. शेगडी अंगणात पेटवायची, कोळसे लाल झाले आणि धूर थांबला की उचलून आत आणायची, ही इथली रीत. धूर गेला म्हणजे धोका गेला असं सगळे धरून चालतात. तो गेलेला नसतो. धगधगत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. जाग्या माणसाचं डोकं जड होतं, मळमळतं. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बंद खोल्यांतून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. अशा खोलीत जीव वाचलाच तर खिडकीच्या फटीमुळे वाचतो, आणि हा मेसेज नेमकी तीच फट बुजवायला सांगतो! बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू. आत्याला सांगितलं, झाड राहू दे, शेगडी निजायच्या आधी बाहेर काढ आणि वरची झडप उघडी ठेव. ती म्हणाली, “मग नासा खोटं बोलते का?”

नासा खोटं बोलत नाही. १९८९मध्ये बी. सी. वोल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाबंद पारदर्शक पेट्यांत झाडं ठेवून बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोएथिलीन हे तीन वायू किती कमी होतात ते मोजलं होतं. डोळ्यापुढे होती अवकाशयानासारखी बंदिस्त जागा, आत्याची माजघराशेजारची खोली नव्हे. पुढे २०१९मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी अशा प्रयोगांचे कित्येक वर्षांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. खोलीत हवेची जी नेहमीची ये-जा असते, तिच्या तोडीचं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. दहा बाय बाराच्या खोलीत कमीत कमी शंभरावर कुंड्या झाल्या. पलंग कुठे ठेवायचा ते मेसेजवाल्यानंच सांगावं.

रात्रीच्या ऑक्सिजनबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, नाइलाजानं कबूल करतो. स्नेक प्लांट, कोरफड, निवडुंग ही झाडं पाणी वाचवायला पानांवरची छिद्रं दिवसा बहुतेक मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवतात. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो, त्यामुळे ते काम दिवसाचंच. तुळशीचंही तसंच, ‘२४ तास ऑक्सिजन आणि ओझोन’ हे थोतांड आहे. तुळस लावा, पूजा करा, काढ्यात घाला, पण तिच्यावर हे ओझं कशाला? आणि रात्री झाडं खोलीतला ऑक्सिजन संपवतात ही उलटी भीतीही तितकीच पोकळ. दोन कुंड्यांपेक्षा पांघरुणातलं माणूस कितीतरी जास्त ऑक्सिजन वापरतं.

बाकीचे मुद्दे भराभर. दुपारी पाणी घातलं की थेंब भिंगासारखे पान जाळतात: गुळगुळीत पानांवर तसं होत नाही, हे प्रयोगांत दिसलंय, लव असलेल्या काही पानांवर मात्र होऊ शकतं. तरी आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पाणी घालू नयेच, कारण गच्चीवरच्या पाइपातून पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं येतं. सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरतं: कोवळं असताना फिरतं, पुरतं उमललं की पूर्वेकडे तोंड करून थांबतं. केळीच्या सालींचं पाणी म्हणजे जादू: पोटॅशियम असतं, जादू नसते, आणि कच्ची साल कुंडीत खुपसली तर चिलटं होतात. खतात कुजवा.

अंड्याची टरफलं टोमॅटोचा काळा बुडखा, म्हणजे फळाच्या बुडाशी पडणारा काळा डाग, बरा करतात, हा दहावा. कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण टरफल विरघळायला फार वेळ लागतो. आणि कुंडीत बहुधा कॅल्शियम असतंच. ते फळापर्यंत पोचत नाही, कारण आपण चार दिवस कुंडी कोरडी ठेवतो आणि पाचव्या दिवशी बादली ओततो.