हललेला दात करकचून बांधायचा नसतो

चेंडू लागून दात हलला तर तारेने करकचून बांधा आणि तीन महिने हात लावू नका, नाहीतर सरळ फेविक्विक लावा, असा मेसेज दादर-माहीमच्या क्रिकेटवाल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. कृपया यातलं काहीच करू नका.

दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. मार लागला की तोच फाटतो, आणि नीट भरून यायला त्याला किंचित हालचाल लागते. म्हणून डॉक्टर ०.४ मिमीपर्यंतची बारीक, लवचिक तार शेजारच्या धड दातांना कंपोझिटने (दातात भरतात त्या दाताच्या रंगाच्या मसाल्याने) चिकटवतात, हिरडीपासून लांब, म्हणजे ब्रश फिरवता येतो. महिनोन्महिने जखडून ठेवलेल्या दाताचं मूळ हाडाशी जुळून हळूहळू विरघळू शकतं. आणि मूल वाढत्या वयाचं असेल तर तो दात बाकीच्यांबरोबर खालीही येत नाही!

नुसत्या हललेल्या दाताला बऱ्याचदा तारही लागत नाही. निखळून परत बसवलेल्याला साधारण २ आठवडे, बाजूला सरकलेल्याला ४. मूळ हिरडीजवळ मोडलं असेल तरच ४ महिन्यांपर्यंत जावं लागतं.

मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय गाठा, त्याच दिवशी.