एका वायसरची जलयात्रा

नळ गळतोय ही तक्रार पलीकडच्या किनाऱ्यावर दहा मिनिटांची असते. नाक्यावरचं दुकान, एक वायसर, दोन शिव्या, काम खलास. बेटावर तीच तक्रार आठ दिवस चालते, कारण वायसर होडीने येतो आणि होडी आठवड्यातून एकदा येते. तीही वाऱ्याची मर्जी असली तर. दरम्यान सेकंदाला एक थेंब या हिशेबाने दिवसाला वीसेक लिटर गोडं पाणी गटारात जातं, आणि आम्ही त्याखाली बादली लावून, ती बादली आळीपाळीने उचलून, स्वतःला देखभाल विभाग म्हणवून घेतो.

बेटावरच्या उद्यानात मी या विभागाचा मुकादम. टोळीत चौघं: एक सुतार, एक गवंडी, एक प्लंबर, एक वायरमन. हे कागदावर. प्रत्यक्षात चौघंही प्लंबरच, कारण बेटावर काहीही बिघडलं तरी खणत गेल्यावर शेवटी पाणीच लागतं. भेटायला येणारे म्हणतात, काय भाग्यवान आहात, केवढी शांतता! शांतता म्हणजे जनरेटर बंद पडल्यावर होते ती. ती झाली की आमची पळापळ सुरू.

मुकादमाचं खरं हत्यार पान्हा नाही, यादी. आणि यादीत ‘नळाचा वायसर, १’ असं लिहिणाऱ्याला आठ दिवस बादली उचलायला लावावं, म्हणजे पुढच्या वेळी तो आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो, इतकं सगळं देतो. पंप असेल तर त्यावरच्या पाटीचा फोटो हवा. पाटी गंजून वाचता येत नसेल, तर पंप आला त्याच दिवशी फोटो काढून ठेवायला हवा होता, हे तेव्हा सगळ्यांना एकदमच सुचतं. मागवायचे नेहमी तीन. एक बसवायला, एक धक्क्याच्या फळ्यांमधून समुद्रात पडायला, आणि तिसरा, पहिला चुकीचा निघाला हे दुसऱ्यांदा तपासून बघायला.

सगळ्यात कावेबाज पाइपाचे आटे. अर्ध्या इंचाच्या बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) या दोन्ही पद्धतींत इंचाला १४ च आटे. फरक आट्याच्या कोनात: एकीचा ५५ अंश, दुसरीचा ६०. त्यामुळे चुकीचं निपल, म्हणजे पाइप जोडायचा आटेवाला तुकडा, दोन-तीन वेढे इतक्या लाघवीपणाने आत जातं की सगळ्यांची खात्री पटते, होडी परत जाते, आणि मग ते अडतं. टेफलॉन टेप गुंडाळून पान्ह्याने रेटलं तर बसतंही. रात्रीपासून झिरपायला लागतं. पाऊण इंचालाही हाच घोळ. एक इंचाचा पाइप त्या मानाने सरळमार्गी: एकीकडे ११ आटे, दुसरीकडे साडेअकरा, त्यामुळे भांडण पहिल्या वेढ्यापाशीच होऊन जातं.

माल आला तरी तो धक्क्यावर आला, कामावर नाही. मधला रस्ता खांद्यांचा. होडी भरतीच्या वेळी लागते आणि भरती कुणाच्या जेवणाची वेळ बघत नाही. सिमेंटचं ५० किलोचं पोतं प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणायचं, जमिनीला न टेकवता फळ्यांवर रचायचं, भिंतीपासूनही वीतभर लांब ठेवायचं. ओलावा लागला की पोत्याच्या आकाराचा दगड तयार होतो, आणि नेमक्या त्या आकाराच्या दगडाची गरज बेटावर अजून कुणाला पडलेली नाही. तोही परत न्यायचा असतो. आणलेली प्रत्येक वस्तू, मोडकी कमोडसुद्धा, त्याच होडीने माघारी जाते.

वाळूचं पोतं वाहताना एखादा पाहुणा हमखास विचारतो, ‘‘अहो, इथे एवढी वाळू पडलीय की! आणता कशाला?’’ त्याच्या मागे मैलभर पांढरीशुभ्र वाळू पसरलेली असते, त्यामुळे प्रश्न निरुत्तर करणारा वाटतो. तर समुद्राच्या वाळूत मीठ. मिठातला क्लोराइड काँक्रीटमधल्या सळीपर्यंत पोचतो, सळीवरचा संरक्षक थर मोडतो आणि सळी गंजते. गंज म्हणजे लोखंड कमी होणं, असं आपण समजतो. उलट आहे. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि ती न मिळाल्यास भिंत फोडून घेतो. आधी केसाएवढी भेग, मग तांबूस डाग, मग एके दिवशी छज्जाचा तुकडा खाली. आणि ही वाळू पुन्हा उद्यानाची. तिच्यात कासवं अंडी घालतात. घमेलं घेऊन गेलो तर कासवांआधी वनरक्षक येतो.

या गंजाने केवढं काम करून ठेवलंय ते बघायचं तर फ्लोरिडातल्या ड्राय टॉर्टुगास उद्यानाकडे बघावं. ‘की वेस्ट’ या बेटाच्या पश्चिमेला सुमारे ११० किलोमीटर, भर समुद्रात, फोर्ट जेफरसन नावाचा विटांचा किल्ला. काम १८४६ मध्ये सुरू झालं, तीसेक वर्षं चाललं, सुमारे १ कोटी ६० लाख विटा लागल्या आणि तरी पुरं झालं नाही. तोफांच्या झरोक्यांना त्यांनी लोखंडी झडपा बसवल्या. शत्रूचा गोळा अडवायला. गोळा काही आला नाही. झडपांचं लोखंडच गंजून फुगलं आणि त्याने आतून विटा ढकलून बाहेर पाडल्या. पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या, तर बांधकामाच्या वजनाने जमीन खचली, टाक्यांना भेगा गेल्या आणि आत खारं पाणी शिरलं. बेटांच्या नावातला ‘ड्राय’ गोड्या पाण्याच्या अभावावरूनच आलाय, म्हणजे सूचना नावातच दिली होती. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते विटांचं प्रकरण. आधीच्या विटा दक्षिणेतल्या. मध्येच अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं, विटा देणारा प्रांत शत्रूपक्षात गेला, आणि उरलेल्या विटा थेट उत्तरेतून, मेन राज्यातून मागवाव्या लागल्या. वरच्या मजल्याचा रंग त्यामुळे वेगळा, आजही दिसतो. पुरवठादाराने ‘माल संपलाय, वेगळ्या शेडमध्ये देऊ का?’ विचारलं की मला त्या किल्ल्याच्या मुकादमाची आठवण येते.

जुन्या विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, भरताना नवा गवंडी सिमेंट कालवायला घेतो. त्याचा हात तिथेच धरायचा. सिमेंटची दरज विटेपेक्षा कडक आणि ओल बाहेर न सोडणारी. मग भिंतीतली खारट ओल विटेच्या तोंडातून निघते, मीठ तिथे स्फटिक होऊन बसतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. दोन वर्षांनी दिसतं काय, तर सिमेंटची जाळी शाबूत आणि मधल्या विटा खोल गेलेल्या. म्हणून चुना. जुनी दरज छिन्नीने, सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल काढायची, पाणी शिंपडायचं, चुना दाबून भरायचा, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि रोज ते भिजवायचं. ५ अंशांच्या खाली तापमान जाणार असेल तर हातच लावायचा नाही. चुना सावकाश सुकतो. मुख्य कार्यालय तितकं सावकाश नसतं. ‘झालं का?’ असा बिनतारी संदेश रोज येतो.

‘सगळं स्टेनलेसचं बसवा ना’ हा दुसरा फुकटचा सल्ला. स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं, हे नाव समुद्रापासून लांब बसलेल्या माणसाने ठेवलंय. ३०४ जातीचा स्क्रू एका मोसमात चहाच्या रंगाचा होतो. ३१६ घ्यायचा, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. पण तोच चांगला स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत नुसता पिळला, की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि स्क्रू मजेत राहून पन्हळीला भोक पाडतो. मध्ये नायलॉनचा वायसर हवा. (पुन्हा वायसर. यादीत टाका. तीन डझन.) शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर मशीनने गरगर आवळला, तर अर्ध्या वाटेत असा जखडतो की पुढेही जात नाही, मागेही येत नाही. आट्यांना आधी अँटिसीझ, म्हणजे आटे जखडू न देणारं वंगण, लावावं, हाताने सावकाश फिरवावं. नाहीतर करवत.

पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि म्हणूनच जिवाला लागतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पडला तर हजार लिटर. त्यातलं उडून, सांडून, पहिलं पाणी सोडून आठशे हाती लागलं तर नशीब. पहिलं पाणी सोडायलाच हवं, कारण छपरावर वर्षभर समुद्रपक्षी राहतात आणि ते छपराचा वापर फक्त बसण्यासाठी करत नाहीत. कोरड्या महिन्यांनंतर पहिली सर आली की सगळ्यांना आनंद होतो. मी मात्र शिडी लावून बघत असतो की पहिल्या पाण्याचा पाइप कचऱ्याने तुंबला तर नाही ना.

साठवलेलं पाणी जातं कुठे? संडासात. फ्लशच्या टाकीच्या तळाचं रबर कडक होतं आणि पाणी आवाज न करता रात्रभर भांड्यात उतरतं. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं. भांड्यात रंग उतरला की चोर सापडला. पंप मिनिटा-मिनिटाला चालू-बंद होत असेल तर पंपावर संशय घेऊ नका, पंपाला जोडलेल्या दाबाच्या टाकीतली हवा गेलीय. पाणी पूर्ण उतरवून हवा मोजायची: पंप ३० पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) सुरू होत असेल तर २८ हवी. पाणी न उतरवता मोजली तर काटा पाण्याचाच दाब दाखवतो आणि आपण समाधानाने चुकीच्या कामाला लागतो. नवा पंप मागवणं, उदाहरणार्थ.

पाणी वाचवायला लांबच्या तळावर कंपोस्ट संडास. कल्पना उत्तम. मैल्यावर प्रत्येक वेळी मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा, वरून पंखा हवा ओढतो, हळूहळू खत. सूचना दारावर चित्रांसह आहेत. चित्रात प्लास्टिकच्या बाटलीवर लाल फुली आहे, आणि आत सापडणाऱ्या बाटल्यांची संख्या बघता ती फुली लोक नेम धरण्यासाठी वापरत असावेत. वास यायला लागला की दोनच गोष्टी बघायच्या: पंखा फिरतोय का, आणि आत ओल जास्त झालीय का. पंखा १२ व्होल्टचा, त्याची तार गंजलेली, फ्यूज गेलेला. फ्यूज बदलायला जाणारा माणूस कसा ठरतो? चिठ्ठ्या टाकून. वायरमनचं म्हणणं, हे प्लंबरचं काम. प्लंबर म्हणतो, व्होल्ट कोणाचे?

जनरेटरबद्दल एवढंच, की डिझेल इंजिनाला उपाशी ठेवू नये. मोठा जनरेटर लावून त्यावर चार दिवे जाळले, तर तो तापत नाही, अर्धवट जळलेलं इंधन धुराड्यात काळ्या चिकट थराने साठतं. दर २५० तासांना ऑइल. इंधनाच्या गाळणीतलं पाणी रोज सोडायचं. बाकी सगळं त्याच्या मनावर.

उंदीर हा वेगळाच विभाग. दक्षिण अटलांटिकमधलं दक्षिण जॉर्जिया बेट २०१८ मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं, त्याला जहाजांतून उंदीर उतरल्यापासून दोनेक शतकं लागली. समुद्रपक्ष्यांची घरटी जमिनीत, अंडी उघड्यावर. एक गाभण उंदरीण पुरे. म्हणून प्रत्येक पोतं, प्रत्येक खोकं चढवण्याआधी आणि उतरल्यावर उघडून बघायचं, पुठ्ठ्याची खोकी आणायचीच नाहीत, बुटांचे तळ घासायचे. मी तीन वायसरांचं पाकीटही बंद खोलीत उलटं करून झटकतो. चिचुंद्री-उंदरांची भोकं बुजवायला लोखंडी जाळी सारली तर ती गंजून भुगा होते, तांब्याची जाळी टिकते. आणि हे सगळं करून वळचणीखाली एखाद्या पक्ष्याने घरटं बांधलं, तर पिल्लं उडेपर्यंत त्या बाजूचं काम बंद. छप्पर गळत असलं तरी. पक्ष्याचा हक्क आधी, खोलीतल्या पाहुण्याचा नंतर, आमचा यादीत नाहीच.

रंगकाम मी सगळ्यात शेवटी ठेवतो, कारण त्याला सगळ्यात जास्त मुहूर्त लागतो. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं. मिठावर मारलेला रंग पोळीसारखा फुगतो. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम हवा. सकाळी दव. दुपारी वारा खारं तुषार आणतो. संध्याकाळी पुन्हा दव. मधल्या दीड तासात दोन भागांचा इपॉक्सी रंग कालवायचा, तोही थोडाथोडा, कारण मोठ्या डब्यात एकदम कालवला तर तो स्वतःच तापतो आणि ब्रशसकट गोठतो. आमच्या कोठारात असे तीन डबे आहेत, ब्रश उभे.

मोसम संपला की बंद करायची गडबड. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवरातलं आयल रॉयल हे बेटावरचं उद्यान १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बंदच असतं. थंडीच्या बेटावर पाइपात राहिलेलं वाटीभर पाणीही गोठून तांब्याचा पाइप फाडतं. टाकीकडून सुरुवात करून उताराकडे जायचं, प्रत्येक नळ उघडा ठेवायचा, पाइपातून हवा फुंकायची, सांडपाण्याच्या वळणांत न गोठणारं द्रव ओतायचं. ‘मेन व्हॉल्व्ह बंद केला का रे?’ हा प्रश्न होडी सुटल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. त्याचं उत्तर चौघंही एका सुरात देतात, ‘‘मला वाटलं, त्याने केला.’’ म्हणून सातही व्हॉल्व्हांना लाल चिंध्या बांधल्या आहेत. व्हॉल्व्ह बंद केला की चिंधी सोडायची, खिशात घालायची आणि होडीत चढताना मुकादमाच्या हातात द्यायची.

पाच, सहा, सात. इंजिन सुरू होतं, दोर सुटतो, आणि गवंडी खिशातून आणखी एक लाल चिंधी काढून शांतपणे नाक पुसतो.